कडेची जांभळी रेघ

ब्रह्मदेवाने ही सृष्टी निर्माण करून आधी आमच्या भावोजींकडे तपासायला पाठवली असती, तर ती अजून दुरुस्तीतच पडून राहिली असती. भावोजींनी ती उजेडाकडे धरली असती, किंचित तिरकी केली असती, चष्मा कपाळावर चढवून एक डोळा मिटला असता आणि हिमालय एका अंगाला जरा उतरता झाला आहे, एवढंच सांगून परत केली असती. ब्रह्मदेवाला वाईट वाटलं असतं, पण भावोजींना त्याचं काही नाही. भल्याभल्या शहाण्या माणसांना त्यांच्या दारातून तोंड पाडून परत जाताना मी पाहिलेलं आहे.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शिक्षणाने आणि पिंडाने प्रकाशशास्त्राचा माणूस. उजेड काचेतून जाताना काय काय चाळे करतो हे त्यांना जेवढं कळत होतं, तेवढं मुंबईत फार थोड्यांना कळत असेल. आणि त्या उजेडाखेरीज जगात दुसरंही काही चाललेलं असतं हे त्यांना जेवढं कळत नव्हतं, तेवढं न कळणारा माणूसही मुंबईत दुसरा नसेल. फोर्टातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत ते परदेशातून आलेली उपकरणं तपासायचे. दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक, मोजणीदारांची यंत्रं, जे येईल ते उघडायचं, त्यातला दोष हुडकायचा आणि शेरा मारायचा, एवढंच काम. माणसाच्या व्यसनाचाच सरकारने पगार द्यावा, हे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येतं.

त्यांच्या शेऱ्यांच्या तीन पायऱ्या होत्या, आणि त्या समजल्याशिवाय हा माणूस समजायचा नाही. पहिला शेरा 'नापास'. हा सढळ हाताने मिळायचा. दुसरा 'दोष आढळला नाही'. हा वर्षाकाठी एखाद्यालाच. आणि तिसरा 'पास'. तो त्यांनी कुणाला दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मी एकदा न राहवून विचारलं, की दोष आढळला नाही म्हणजेच पास ना, मग फरक काय? त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणाले, "दोष आढळला नाही म्हणजे मला आढळला नाही. पास म्हणजे तो नाहीच. असं म्हणायला छाती लागते." त्यानंतर मी त्यांना तात्त्विक प्रश्न विचारायचं सोडून दिलं.

ताईला पाहायला ते आमच्या घाटकोपरच्या घरी आले, तो प्रसंग आमच्या घरात अजून सांगितला जातो. सोबत त्यांची आत्या होती. पोहे झाले, चहा झाला, ताईला विचारायचे ते ठरावीक प्रश्न आत्याबाईंनीच विचारले. हे गृहस्थ आपले पाण्याचा पेला खिडकीकडे धरून त्यात काय बघत होते देव जाणे. शेवटी आत्याबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, की मग काय रे, पसंत आहे ना मुलगी? भावोजींनी पेला खाली ठेवला. बराच वेळ विचार केला. इतका, की आमचे वडील, म्हणजे नाना, खुर्चीत पुढे सरकून बसले. आणि मग भावोजी अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "दोष आढळला नाही." नानांना चहाचा ठसका लागला. आई स्वयंपाकघरात डोळ्याला पदर लावून बसली, की माझ्या सोन्यासारख्या पोरीला असं कसं म्हणाला मेला. आणि ताई? ती दाराआड तोंडात पदर कोंबून इतकी हसली इतकी हसली, की शेवटी नानांनाच उठून आत जावं लागलं. बाहेर आले ते कपाळाला हात लावून. पोरगी म्हणत होती, की करीन तर ह्यांच्याशीच.

पुढे ताईच मला म्हणायची, की बाबा रे, दुसरी पायरी मला पहिल्याच दिवशी मिळाली, तिथपर्यंत पोचायला परदेशी कंपन्यांना वर्षं लागतात. तिसरीचं काय, असं मी चिडवलं की ती म्हणायची, बघू, आयुष्य पडलंय.

लग्नानंतर हे जोडपं मुलुंडला राहायला गेलं. तेव्हाचं मुलुंड म्हणजे सरळ आखलेले रस्ते, बंगल्यांना कुंपणं, मागे डोंगर आणि संध्याकाळी चावून काढणारे डास. भावोजींना मुलुंड आवडलं ते रस्ते सरळ आहेत म्हणून. तरी त्यातला एक रस्ता टोकाला जरासा वळतो हे त्यांना खुपायचंच. कुणाकडे गेले की भिंतीवरची तसबीर आधी सरळ करायची, मग बसायचं. एकदा शेजारच्या आजोबांच्या तेराव्याला गेले. हार घातलेला फोटो जरा कलला होता. भावोजींनी आधी चार पावलं मागे जाऊन तो डोळ्यांनी मापला, पुढे होऊन सरळ केला, पुन्हा मागे जाऊन खात्री केली, आणि मग नमस्कार केला. आजोबांच्या मुलाला वाटलं, ह्या माणसाचा आपल्या वडिलांवर काय जीव होता. माझं लग्न ठरलं तेव्हा मी भीतभीतच त्यांना मुलीचा फोटो दाखवला. त्यांनी तो नेहमीसारखा तिरका धरून पाहिला आणि म्हणाले, फोटोग्राफरचं भिंग कडेला मऊ आहे, चित्र पुसट येतं. मुलीबद्दल चकार शब्द नाही. मी ताईकडे पाहिलं, तर ती म्हणाली, फोटोग्राफरवर निभावलं, देवाचे आभार मान.

असा हा माणूस त्या सरकारी खुर्चीत सुखाने पेन्शनीपर्यंत पोचला असता. पण एका परदेशी कंपनीच्या सूक्ष्मदर्शकाने घात केला. शाळा-कॉलेजांसाठी तो माल आला होता आणि त्याच्या डोळ्याला लावायच्या भिंगात, अगदी कडेला, एक जांभळी रेघ उमटत होती. केसाहून बारीक. मला तर कितीही डोळे ताणले तरी दिसायची नाही. मी आपलं हो हो करायचो. भावोजींनी शेरा मारला आणि साहेबाच्या परवानगीने कंपनीला कळवलं. तिकडून गोड शब्दांत उत्तर आलं, की तुमचं म्हणणं खरं आहे, आमच्या देशातल्या मालात आम्ही ही रेघ ठेवत नाही, पण तुमच्याकडे ती कुणाच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं. झालं! ह्या माणसाला कधी रागावलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते ताटावरून उठून तीनदा गॅलरीत जाऊन आले आणि प्रत्येक वेळी एवढंच म्हणाले, "कुणाच्या लक्षात येणार नाही म्हणे." महिन्याच्या आत राजीनामा दिला आणि कंपनी काढली. नानांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, की जावई भिंगं विकणार? कुठे, जत्रेत?

कंपनी म्हणजे आग्रा रोडच्या अलीकडे एका तबेल्याची अर्धी शेड. उरलेल्या अर्ध्यात म्हशी होत्या. मधे पत्रे ठोकून भिंत केली होती आणि तिकडच्या बाजूचा मालक, एक दिलदार भय्याजी, ह्यांना रोज फुकट ताक पाठवायचा. आता भिंग करायचं म्हणजे काचेची चकती लोखंडी साच्यावर घासत बसायचं, आणि मग लाल पावडर लावून ती इतकी गुळगुळीत करायची की धुळीच्या एका कणानेही सगळ्या मेहनतीची वाट लागते. अशा कामाला ह्या गृहस्थाने तबेला निवडला, कारण काय, तर तिथे उत्तरेचा उजेड चांगला येतो. वासाचं, माश्यांचं, गवताच्या कुसळांचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं ते भलतंच. म्हशी चालायला लागल्या की जमीन हादरते आणि मोजमाप चुकतं. म्हणून कंपनीची वेळ म्हशींवर ठरली. दुपारी म्हशी रवंथ करत बसल्या की इकडे भिंगं तपासायची. म्हशी उठल्या की काम बंद. भय्याजी पत्र्यापलीकडून ओरडून सांगायचा, साहब, बैठ गयी सब, आणि आमचे एम.एस्सी. झालेले शास्त्रज्ञ लगबगीने कामाला बसायचे.

स्वच्छतेचे नियम तर विचारूच नका. आत येणाऱ्याने हातपाय धुवायचे, डोक्याला पंचा बांधायचा, खिशात शेव-चुरमुरे असतील तर बाहेर ठेवायचे. दसऱ्याला ताई यंत्रांची पूजा करायला गेली तर तिला हळदकुंकू, अक्षता, उदबत्ती सगळं दाराबाहेर ठेवायला लावलं आणि यंत्रांना नुसते हात जोडायला सांगितले. ती म्हणाली, निदान एक झेंडूचं फूल? ते म्हणाले, पराग असतात. भागीदारीचं बोलायला घाटकोपरचे एक शेठ आले होते. त्यांनाही कोट काढून, पाय धुऊन, डोक्याला ताईचा धुतलेला पंचा बांधून आत बसवलं. शेठ बिचारे त्या अवतारात तासभर बसले. जाताना भावोजींनी त्यांच्या सोन्याच्या चष्म्याकडे बघून सांगितलं, की तुमच्या डाव्या काचेत बुडबुडा आहे. शेठ पुन्हा आले नाहीत.

कामाला आत्माराम नावाचा एक मालवणकडचा माणूस होता, पूर्वी गिरणीत होता. त्याचा हात बसला होता आणि तो जीव तोडून भिंगं घासायचा. पण घासून काय उपयोग? तयार भिंग भावोजी उजेडाकडे धरणार, तिरकं करणार, आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकणार. डब्यावर अक्षर 'नापास'. असे डबे खाटेखाली, माळ्यावर, शेवटी तर ताईच्या मसाल्यांच्या शेजारी येऊन बसले. एकदा आत्माराम अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, "सायबानू, ह्यां नापास, तर पास झालेलां असता तरी कसां?" भावोजींनी शांतपणे उत्तर दिलं, की तेच तर आपल्याला बघायचंय.

दोष काय होता म्हणाल, तर तोच! ज्या जांभळ्या रेघेसाठी नोकरी सोडली, ती ह्यांच्याही भिंगात उमटायची. त्याचं शास्त्र त्यांनी मला एकदा जेवताना समजावून सांगितलं. एका जातीच्या काचेचं भिंग केलं की कडेला रंग फुटणारच. त्याला दुसऱ्या जातीच्या काचेचं भिंग जोडायचं. दोघींचे दोष उलटसुलट असतात, एकीचा दोष दुसरी खाते आणि उजेड स्वच्छ बाहेर पडतो. ताई आमटी वाढता वाढता म्हणाली, संसार म्हणा की. भावोजी म्हणाले, नाही, संसारात एवढी अचूकता नसते. तर ती दुसऱ्या जातीची काच आपल्याकडे मिळत नव्हती. ती बाहेरून आणायला परवाना हवा होता, आणि परवाना दिल्लीत कुठल्यातरी टेबलावर स्वस्थ पडला होता.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण त्या वर्षी आमच्या घाटकोपरच्या एका शाळेच्या हेडमास्तरांनी, ताईच्या ओळखीने, वर्गासाठी सूक्ष्मदर्शक करून द्यायला सांगितलं. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत द्या, नाहीतर फोर्टातल्या दुकानातून परदेशी घेईन, असं त्यांनी स्पष्ट बजावलं होतं. दुसरीकडे भावोजींच्या जुन्या साहेबानेही मायेपोटी निरोप धाडला होता, की तुझी खुर्ची जूनपर्यंत रिकामी ठेवतो, झालं तेवढं पुरे, परत ये. म्हणजे जूनच्या आत एक तरी माल शेडबाहेर पडला तर कंपनी राहणार होती, नाहीतर टाळं. सूक्ष्मदर्शक तर तयार होते. पितळी नळ्या चकचकीत, लाकडी पेट्या झकास. नुसते फळीवर ओळीने उभे होते, आणि भावोजी रोज म्हशी बसल्या की एकेकाला डोळा लावून म्हणायचे, नापास.

मे संपत आला तेव्हा ते परवान्यासाठी स्वतः दिल्लीला निघाले. ते गेल्यावर ताईने मला मुलुंडला बोलावून घेतलं. मी पाहिलं तर ती शेडमध्ये, डोक्याला पंचा बांधून, त्या फळीसमोर बसली होती. म्हटलं, काय गं? ती म्हणाली, "ते परत त्या खुर्चीत गेले ना, तर जगतील रे. पण मग नुसतेच जगतील. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंवर नापास लिहीत. ह्यांनी केलेली एक तरी वस्तू जगात जायला हवी." मी विचारलं, आणि ती रेघ? ती म्हणाली, "असू दे रेघ. मला दिसते, तरी मी म्हणते असू दे." ताईला रेघ दिसते हे मला त्या दिवशी कळलं. रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि ते बघून झाले की मागोमाग ती बघायची, त्यांना काय खुपतंय ते तरी कळावं म्हणून.

माल न्यायला गाडी कुठून आणणार? भय्याजीची दुधाची घोडागाडी होती. आत्मारामने तबेल्यातलंच वाळलं गवत पेट्यांत कोंबून एकेक सूक्ष्मदर्शक निजवला. भावोजींनी ते बघितलं असतं तर जागच्या जागी प्राण सोडला असता. दुधाच्या बरण्यांच्या मधे पेट्या, पेट्यांवर आत्माराम, पुढे भय्याजीच्या शेजारी मी, अशी भारतातल्या त्या नव्या उद्योगाची पहिली मिरवणूक आग्रा रोडने भांडुप, विक्रोळी करत घाटकोपरला पोचली. हेडमास्तरांनी माल बघितला, पाठ थोपटली आणि आणखी दोन शाळांना सांगतो म्हणाले. पेट्या उघडल्या तेव्हा गवताबरोबर शेणाचाही थोडा वास आला, पण शाळेला त्यात वावगं वाटलं नाही.

भावोजी दिल्लीहून परतले तेव्हा शाळा सुरू झाली होती. शेडमध्ये गेले, रिकाम्या फळीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. ताईने सगळं सरळ सांगितलं, एक शब्द लपवला नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ती नंतर म्हणाली. त्यांनी फक्त स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकला, ती पिशवी खांद्याला लावली आणि माल परत आणायला निघाले. ताईने आत्मारामला माझ्याकडे पिटाळलं, की धाव, शाळेत जा, काहीतरी अवलक्षण होणार. मी पोचलो तेव्हा ते हेडमास्तरांच्या खोलीत उभे राहून अत्यंत अदबीने सांगत होते, की आमचा माल सदोष आहे, तो आम्ही परत नेतो, तसदीबद्दल क्षमा असावी. हेडमास्तरांच्या साऱ्या हयातीत स्वतःच्या मालाची अशी निंदा करणारा विक्रेता त्यांना भेटला नसावा. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, ह्यांना ऊन लागलंय का? आणि मग आम्हाला वर्गावर घेऊन गेले.

वर्गात सूक्ष्मदर्शक मांडले होते, त्यांवर कांद्याचा पापुद्रा लावला होता, आणि मुलांची रांग दारापर्यंत आली होती. पण रांग पुढे सरकत नव्हती. कारण सर्वांत पुढे विज्ञानाच्या बाईच नळीला डोळा लावून उभ्या होत्या आणि हलायला तयार नव्हत्या. चांगल्या पोक्त बाई. मुलं कुजबुजायला लागली, एकीने तर बाई, आमचा नंबर, असं म्हटलंही. बाईंना पत्ता नाही. हेडमास्तर खाकरले तेव्हा त्या दचकून मागे झाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "इतकी वर्षं पेशींचं चित्र मी फळ्यावर काढते सर. पुस्तकात बघून. आज पाहिल्या. खरंच विटांसारख्या रचलेल्या असतात हो."

भावोजी पुढे झाले. मला वाटलं आता हा माणूस पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढतो की काय. पण त्यांनी फार हळू आवाजात बाईंना विचारलं, की कडेला एक जांभळी रेघ दिसते का बघा. बाईंनी पुन्हा डोळा लावला. बराच वेळ बघितलं. आणि मान वर करून आनंदाने म्हणाल्या, "हो, दिसते की! छान दिसते." भावोजींचा चेहरा असा काही झाला, की आजही आठवलं की मला हसू आवरत नाही आणि पोटात तुटतंही. ज्या रेघेसाठी त्यांनी नोकरीवर पाणी सोडलं, ती बाईंना छान दिसली! ते रिकाम्या हाताने वर्गाबाहेर पडले.

ताईशी त्यांनी अबोला धरला. पण तो सुद्धा त्यांच्याच पद्धतीचा. ताईला सांगायचं ते आत्मारामला सांगायचे आणि ताई समोरच उभी असायची. आत्माराम आपला म्हणायचा, बायनू, सायब म्हणतत आमटीत मीठ बरोबर आसा. असं आठवडाभर चाललं. मग एका दुपारी, म्हशी बसलेल्या असताना, भिंग उजेडाकडे धरून ते एकदम म्हणाले, "बाईंना छान वाटली म्हणे." ताई डबा उघडत होती. तिने नुसतं हं केलं. अबोला संपला. साहेबाला त्यांनी खुर्ची दुसऱ्या कुणाला देण्याबद्दल कळवलं, आणि कंपनी उरली.

पुढे परवाना मिळाला, दुसऱ्या जातीची काच आली, रेघ गेली. आणखी शाळांचं काम आलं, मग कॉलेजांचं. आता गंमत ऐका. एका शनिवारी दुपारी मला ऑफिसात निरोप आला, की तुमचे मेहुणे शाळेत चोरी करताना सापडले आहेत, ताबडतोब या. धावत गेलो. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बाकाखाली वाकलेले भावोजी शिपायाला सापडले होते, हातात स्क्रू-ड्रायव्हर, खिशात भिंगं. शिपायाने त्यांना स्टुलावर बसवून दाराला कडी लावली होती. हेडमास्तरांनी एकेक सूक्ष्मदर्शक तपासला, तर काहीच गेलेलं नाही. उलट सगळ्यांत नवीन भिंगं बसलेली! हा गृहस्थ कितीतरी शनिवार चोरासारखा शाळेत शिरून रेघेची भिंगं काढून बिनरेघेची बसवत होता. हेडमास्तर म्हणाले, अहो, मग समोरच्या दाराने यायचं होतंत, आम्ही हार घातला असता. भावोजी खाली मान घालून म्हणाले, "बाईंना ती रेघ आवडली होती. त्यांना वाईट वाटलं असतं."

काढून आणलेली सगळी भिंगं नापासच्या डब्यात जमा झाली. फक्त एक कमी पडत होतं. शाळेत गेलेल्यांतल्या पहिल्या नंबरच्या सूक्ष्मदर्शकाचं. ते काढून खिशात टाकल्याचं त्यांना नक्की आठवत होतं, पण खिशात नव्हतं. त्या एका भिंगाने त्यांना पुढे वर्षानुवर्षं छळलं. कंपनी वाढली, तबेला सुटला, आग्रा रोडला स्वतःची पक्की इमारत झाली, हाताखाली माणसं आली. पण आपल्या हातचं एक सदोष भिंग जगात मोकळं फिरतंय, हा सल काही जाईना. कुठे घड्याळजी दिसला की हे त्याच्या डोळ्याचं भिंग मागून घेऊन बघणार. एकदा एका लग्नात पंचांग वाचणाऱ्या भटजींच्या हातातलं भिंग ह्यांनी ऐन मुहूर्ताच्या वेळी काढून घेतलं आणि दाराशी जाऊन उजेडाकडे धरलं. अंतरपाट धरून सगळे ताटकळले. हे परत आले आणि भिंग भटजींना देत म्हणाले, आमचं नाही.

मग एका रविवारची गोष्ट. मी मुलुंडला जेवायला गेलो होतो. भावोजींचे केस तोवर पिकले होते, ताईलाही चाळिशी लागून जुनी झाली होती. जेवणं आटोपली होती. ताई खिडकीशी बसून त्यांच्या सदऱ्याला गुंडी लावत होती. सुई ओवताना तिने कनवटीतून काहीतरी काढून डोळ्यासमोर धरलं. माझं लक्ष नव्हतं, पण भावोजींचं गेलं. ते उठले, तिच्यापाशी गेले आणि हात पुढे केला. ताईने मूठ मिटली. मग उघडली. तळहातावर रुपयाएवढं एक भिंग होतं.

"तुमच्या कोटाच्या खिशात सापडलं होतं, धुताना," ती म्हणाली. "देणार नाही मी. जगात गेलेलं पहिलं आहे ते."

"कडेला जांभळी रेघ आहे त्याला," भावोजी म्हणाले.

"माहीत आहे. रोज बघते."

भावोजींनी भिंग हातात घेतलं. मी मनात म्हटलं, झालं, आता हे उजेडाकडे जाणार, तिरकं होणार आणि डब्यात पडणार. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एक डोळा मिटला. पण भिंग उजेडाकडे धरलं नाही. ते त्यांनी ताईकडे धरलं. तिच्या चेहऱ्याकडे, पांढऱ्या होत चाललेल्या बटांकडे ते त्यातून बघत राहिले, आणि ताई हातात दोरा तसाच धरून, हलायचं नाही असं सांगितल्यासारखी, बसून राहिली. मग त्यांनी भिंग तिच्या हातावर ठेवलं.

"पास," ते म्हणाले, आणि चष्मा खाली ओढून आतल्या खोलीत जाऊन झोपले.

ताईला नंतर काही केल्या सुई ओवता येईना. दोरा ओला करून बघितला, सुई बदलून बघितली, डोळे पुसून बघितले. शेवटी म्हणाली, दे रे तूच ओवून. मी भिंग घेतलं आणि सुईच्या नेढ्यावर धरलं. भावोजींना जाऊन आता फार वर्षं झाली, ताईही राहिली नाही, पण ती दुपार मी विसरलेलो नाही. कारण त्या दिवशी, इतकी वर्षं नुसतं हो हो केल्यावर, मला ती रेघ पहिल्यांदा दिसली. अगदी कडेला होती. आणि बाई म्हणाल्या होत्या तशी, छान दिसत होती.